दुसऱ्याच्या जिभेवरची मोहगोळी

नदी येरगुड्याजवळ येते अन् दोन फाट्यांत फुटते. गाव मधात. उन्हाळ्यात एका अंगाचं पानी घोट्याएवढं, लोक चप्पल हातात धरून पलीकडं जातेत. पन एकदा पानी चढलं की येरगुडा म्हंजे बेट. मुलचेऱ्याच्या बाजारात कोनी इचारलं, "कुठचे गा?" तं येरगुड्याचा मानूस मान वर करून सांगते, "बेटावरचा." जसा काई समुद्रातूनच निघून आला! समुद्र गावात कोनीच पाह्यला नाई, ते गोष्ट वेगळी.

तं अशा बेटावर पावसाळ्यात दुकान नाई, बिस्कुट नाई, चाकलेट नाई. डोंगा चालला तं चालला, नाई तं बसा घरात धो धो ऐकत. म्हून येरगुड्याच्या बायका पहिलेपासूनच पानी चढायच्या आधी गोडाचा साठा करून ठेवतेत. तिखुराच्या वड्या असतेत. तिखुर म्हंजे रानातला कंद, त्याचं पांढरं पीठ निघते, वडी अशी थंडगार की गिळायचं काम नाई, आपोआप उतरते. चारोळी घातलेली गुळपट्टी असते. लाह्याचे गोळे असतेत. सगळं हाय. पन मोहगोळी म्हनसान, तं ते बुधरीचीच.

सुपारीएवढी गोळी. काळसर लाल. वरून काचेसारखी, मधात चारोळी. गालात ठेवली की डोंग्यानं नदी पार होईस्तोवर पुरते, अन् पूर जोरात असला तरी पुरते. नागपूरच्या हलवायानं सात जन्म घेतले तरी त्याच्यानं असं होनार नाई. हे काई फुशारकी नोय. नागपूरच्या हलवायाले मोह वेचाले पहाटे रानात कोन पाठवते?

बुधरीचं वय चाळिशीच्या पल्याड. नवरा, झाडू त्याचं नाव, डोंगा चालवते, तो घरी कमी अन् पान्यावर जास्त. घराले लागूनच तिच्या मोठ्या भावाचं, लच्छूचं घर. आता लच्छूले लोक फुशारक्या म्हनतेत. म्हनू द्या. तो खरंच सांगते, फक्त जरा मोठ्यानं सांगते. अन् बुधरी त्याच्या उलटी. बोलनं कमी, ऐकनं त्याहून कमी. गोळी करताना तिले कोनी सल्ला देल्ला की ते "हाव" म्हनते अन् आपल्याच मनाचं करते. तिच्या सासूनं एकदा सांगतलं होतं, गूळ जरा कमी टाक. बुधरी "हाव" म्हनली. सासू मरेस्तोवर गूळ तेवढाच राह्यला.

तिचं सगळं काम जिभेवर. मोह कमी वाळला तं त्याले दारूसारखा वास मारते, जास्त वाळला तं कडू लागते. फुलाच्या आतले केसर नीट काढले नाई तं दाताखाली कचकच. भाजला किती, कुटला किती, पाकात कवा टाकला, सगळ्यात तिची जीभ. पाकाचा थेंब ते पान्यात टाकते, घट्ट झाला की पितळीवर आपटते. "टन्" वाजला की मोह टाकाचा, अन् मंग बोटाले लावून चाटाचं. चाटलं की डोळे मिटते. डोळे उघडले की समजा, गोळी होनार की शेळीच्या तोंडात जानार, ते ठरलं.

दर बाजाराले मुलचेऱ्यात ते बोरीवर पसारा मांडून बसते. पोट्टे येतेत, "बुधरीबाई, गोळी!" करत. गोळी खपते. पन एक गोष्ट तिच्या मनात काट्यासारखी अडकून होती. मांगच्या वर्षी एक बाई आली, नातवाच्या बारशाले काईतरी गोड पायजे म्हनली. बुधरीनं पुडी बांधली. तेवढ्यात संगतीच्या बाईनं कोपर मारलं, "अवो, मोहाचं हाय ते! बारशाले मोह नेता का? लोक म्हनतीन, यायच्या घरी दारू गाळतेत." बाईनं पुडी तशीच परत ठेवली. वरून म्हनली, "राग नका मानू."

बुधरीनं राग मानला नाई. ते फक्त त्या दिवशी घरापर्यंत काई बोलली नाई. आता ते तशीही काई बोलत नाई, म्हून कोनाच्या ध्यानात आलं नाई. लच्छूच्या आलं. "मरू दे वो त्या बायांले," तो म्हनला.

"ज्या फुलावर अख्खं रान जगते," बुधरी म्हनली, "ते शुभाच्या ताटात चालत नाई. पोट्ट्याच्या गालात चालते, ताटात चालत नाई." अन् चूल फुंकाले लागली.

तवापासून तिले एकच पायजे होतं. एकदा, एका तरी लग्नाच्या ताटात, चार लोकांसमोर, मोहगोळी मांडली जावी.

आता निताईची गोष्ट. मुलचेऱ्याजवळच्या बंगाली गावात निताई मंडलचं मिठाईचं दुकान. रसगुल्ले, संदेश, नारळाचे लाडू. त्याचा जन्म इथचाच, मराठी आपल्यासारखीच बोलते, रागावला की तेवढी बंगाली निघते. त्याचं दुकान बाजाराच्या तोंडाशी, बुधरीची बोरी त्याच्या समोर. निताई सगळ्या दुनियेले मिठाई खाऊ घालते, पन स्वतःले चघळाले मोहगोळीच लागते. "स्वतःची मिठाई कोन खाते, दिदी? दिवसभर वासानंच पोट भरते," असं म्हनून नेते.

यंदा त्याच्या पोरीचं लग्न जमलं. त्यायच्यात नवरीकडून नवऱ्याच्या घरी ताटं जातेत, सजवलेली. निताईनं बाजारात लच्छूले गाठलं. "लच्छूभाऊ, ताटं मी करून राह्यलो. पन एक ताट बुधरीदिदीचं पायजे. मोहगोळीचं. होईन का?"

आता असं इचारल्यावर लच्छूसारखा मानूस काय म्हननार? "होईन का म्हंजे? होऊनच गेलं समजा! असं ताट करून देतो की नवरदेव नवरीले सोडून ताटाकडं पाहीन!"

घरी येऊन त्यानं अंगनातूनच वरडून सांगतलं. बुधरी मोह वाळवून राह्यली होती. तिचे हात थांबले. चेहरा असा फुलला की लच्छूले वाटलं, आता ते नाचते का काय. मंग एकदम तिनं इचारलं, "लग्न कवा हाय?"

लच्छूनं सांगतलं.

"अन् पंडुम?"

लच्छू बोटांवर दिवस मोजाले लागला.

पंडुम म्हंजे आमच्या रानातल्या गावांचा नव्या पिकाचा सन. नवा मोह वेचा, वाळवा, बाजारात नेऊन विका, काई हरकत नाई. पन गावच्या देवाले देल्ल्याबिगर येरगुड्याच्या मानसानं नवा मोह तोंडात टाकाचा नाई. चाटाचाही नाई. अन् यंदा गावाच्या भूमियाच्या घरी मयत झालेली. भूमिया म्हंजे देवाची पूजा करनारा, म्हातारा जंगू. त्याच्या घरचं सुतक फिटेस्तोवर पंडुम नाई. लग्न आधी, पंडुम मांगून. जुना मोह होळीलेच संपलेला.

म्हंजे गोळी करा, पन चाखू नका! डोळे बांधून नदी पार करा म्हनल्यासारखं.

"तू इचारल्याबिगर हाव काऊन म्हनला?" बुधरी म्हनली.

"मले का माहीत, तुही जीभ सुट्टीवर हाय म्हून?"

लच्छूनं तरी हार मानली नाई. पहिले तो म्हनला, "जिभेवर ठेव अन् थुकून टाक. खाल्लं कुठी मंग?"

बुधरीनं त्याच्याकडं असं पाह्यलं की तो दोन पावलं मांगं सरकला. "देवाच्या आधी चाटू, अन् वरून देवाले थुकून दाखवू?"

मंग तो जंगूकडं गेला. "काका, पंडुम जरा अलीकडं घेता येते का?"

जंगूनं चिलमीचा झुरका घेतला. "देवाले घाई नसते गा. लग्नाले घाई हाय ना? लग्न पुढं ढकला."

"लग्न बंगाल्याचं हाय, माह्या हातात हाय का?"

"देव माह्या हातात हाय का?" जंगू म्हनला.

मंग लच्छू चाखनारा शोधाले निघाला. भांडे इकनारा एक जन फटफटीवर आला होता, त्याले धरून आनलं. त्यानं पहिल्या घान्यातली गोळी तोंडात टाकली अन् म्हनला, "साखर टाका ना बाई, गूळ स्वस्तात पडत नाई." बुधरीनं त्याले पानी देल्लं अन् रस्ता दाखवला. तो जाताना लच्छूलेच भात शिजवाचा एक गंज इकून गेला.

शेवटी आठवली मंजुषाबाई. अंगनवाडीची बाई, पलीकडच्या गावची, रोज पान्यातून येते. बौद्ध घरची, तिले पंडुमाचा नेम लागत नाई. अन् गोडाची शौकीन. पन तिच्यात एक खोट होती. मंजुषाबाई कोनालेच वाईट म्हनत नाई. पोट्ट्यानं घोड्याचं चित्र काढलं अन् ते बेडकासारखं दिसलं तरी "मस्त!" खिचडी करपली तरी "मस्त!" लच्छूनं एकदा तिच्यासमोर गानं म्हनलं होतं, तवाही "मस्त!" म्हनली. लच्छू अजूनही ते सगळ्यांले सांगत फिरते.

"तिच्या 'मस्त'चं मी काय लोनचं घालू?" बुधरी म्हनली. पन दुसरी जीभ कुठून आनाची? मंजुषाबाईले बोलावलं.

मंजुषाबाई खाटेवर बसली. बुधरी समोर, चुलीजवळ. लच्छू दारात उभा, जसा काई परीक्षेचा निकाल लागून राह्यला. गोळी तोंडात गेली.

"मस्त हाय बाई!" मंजुषाबाई म्हनली. अन् तांब्यातलं सगळं पानी पेली.

लच्छूनं टाळी वाजवली. "झालं!"

"नाई झालं," बुधरी म्हनली. घमेलं उचललं अन् शेळीपुढं ओतलं. शेळीले पंडुम लागत नाई.

मंजुषाबाई घाबरली. "अवो, मी मस्त म्हनली ना!"

"हाव. पानी किती पेलं तुमी? मोह कमी वाळला."

दुसऱ्या घान्याले बुधरीनं मोह परत उन्हात टाकला, मंग भाजला. मंजुषाबाई आली. गोळी तोंडात. "मस्त! कालच्याहून मस्त!" पन गोळी ह्या गालातून त्या गालात, त्या गालातून ह्या गालात. अन् भिवया जराशा वर. बुधरी तिच्या भिवयांकडं पाहत राह्यली. कडू. भाजला जास्त. पुन्हा शेळी खूश.

लच्छूले धीर निघेना. "तू तं शेळीचंच लग्न लावून राह्यली!"

तिसऱ्या घान्याच्या दिवशी मंजुषाबाई येतानाच तापलेली. अंगनवाडीत तांदूळ आला नव्हता, वरून कोन्या सायबानं फोनवर तिलेच झापलं होतं. खाटेवर बसली अन् सुरूच झाली. "मी म्हनलं, साहेब, पोट्टे का कागद खातीन? तं म्हनते कसा..." बुधरीनं ताटली पुढं केली. मंजुषाबाईनं बोलता बोलता एक तोंडात टाकली. "म्हनते कसा, तुमी कळवलं नाई. मी तीन डाव कळवलं!" बोलत राह्यली. पानी मांगितलं नाई. भिवया होत्या तिथीच राह्यल्या. मस्त म्हनली नाई, बरं म्हनली नाई. अन् सायबाले शिव्या घालता घालता हात पुन्हा ताटलीकडं गेला.

"झालं," बुधरी म्हनली.

"काय झालं?" मंजुषाबाईनं इचारलं. "अवो, मी अजून सांगतलंच नाई कशी हाय ते."

"तुमी सांगता ते खोटं असते. तुमचं तोंड खरं सांगते."

मंजुषाबाई पहिले लाजली, मंग अशी हसली की गोळी नरड्यात अटकता अटकता राह्यली. "बाई, तुमी माह्या तोंडाकडं पाहून गोळी करून राह्यल्या होत्या व्हय? मले वाटे, मले गोडाचं खाऊ घालून राह्यल्या!"

लग्नाच्या सकाळी बुधरी अन् लच्छू ताट घेऊन निताईकडं गेले. मोहाच्या पानावर गोळ्या मांडल्या होत्या, बाजूनं चारोळ्या पेरल्या होत्या. बुधरीनं नवं लुगडं नेसलं होतं अन् लच्छूनं सदऱ्याले इस्तरी मारली होती, तांब्यात विस्तव घालून. निताईच्या अंगनात ताटांची रांग. संदेश थापून केलेला मासा, नारळाचे लाडू, दुधाची पुरी. निताईनं मोहगोळीचं ताट सगळ्यात मधात ठेवलं. बुधरी कोपऱ्यात उभी राह्यली. डोळे ताटावर. दुसरं काई दिसतच नव्हतं तिले.

नवऱ्याकडचे हळद घेऊन आले. संगती नवरदेवाचा मामा, गोरागोमटा, चंद्रपूरले राहनारा, अन् नवरदेवाची आजी, जिले ते ठाकुमा म्हनतेत. मामा ताटं पाहत पाहत मधात आला. एक गोळी उचलली. नाकाले लावली.

"ये तो महुआ है," मामा म्हनला. "निताईबाबू, शादी में दारू भेज रहे हो?"

अंगनात चारसहा लोक हसले. निताई काई बोलनार, तेवढ्यात लच्छू पुढं झाला. गप राहनं त्याच्या रक्तात नाई. "दारू नोय सायेब! अशी मिठाई तुमी जनमात खाल्ली नसन. एक तोंडात टाका, मंग बोला."

मामानं गोळी त्याच्यासमोर धरली. "पहले तुम खाओ."

लच्छूचा हात वर गेला अन् मधातच थांबला. तोंड घट्ट मिटलं. अख्ख्या मुलचेरा तालुक्यात लच्छूचं तोंड असं मिटलेलं कोनी पाह्यलं नव्हतं.

"देखो!" मामा सगळ्यांकडं वळला. "बनानेवाला खुदच नहीं खाता!"

कोनीतरी म्हनलं, ते ताट जरा बाजूले करा. एका पोरीनं ताट उचललंही. बुधरीले बारशाची ते परत ठेवलेली पुडी आठवली. अन् जी बाई बाजारात भाव सोडून काई बोलत नाई, ते कोपऱ्यातून पुढं आली अन् बोलली.

"ठेव ते ताट खाली, पोरी. दादानं खाल्लं नाई कारन आमच्या देवानं अजून खाल्लं नाई. हा नवा मोह हाय. पंडुम व्हायचा हाय. तवर आमच्या गावचं लेकरूही याले तोंड लावत नाई. मी केली, पन मीही चाखली नाई. तुमाले खाचं तं खा, नाई खाचं तं नका खाऊ. पन दारू म्हनू नका."

ठाकुमा दूर खुर्चीवर बसली होती. तिले मराठी कमी समजते. तिनं निताईले बंगालीत इचारलं, काय म्हनून राह्यली ते बाई? निताईनं सांगतलं. म्हातारीनं पुन्हा इचारलं, निताईनं पुन्हा सांगतलं. मंग म्हातारी काठी टेकत उठली अन् मामाकडं आली. त्याच्या हातातली गोळी घेतली अन् ताटात परत ठेवली. अन् बंगालीत त्याले असं झाडलं की बुधरीले शब्द समजला नाई पन मतलब समजला.

निताई हसून राह्यला होता. "म्हनते, नवान्नाच्या आधी नवा भात तू खाशीन का रे? देवाले देल्ल्याबिगर तुह्या मायनं तुले देल्ला होता का कधी? मंग या बाईच्या देवाच्या आधी तू कोन आला तोंड लावनारा?"

मामा म्हनला, मी तं गंमत केली. सगळे गंमत केल्यावर असंच म्हनतेत.

ठाकुमानं बुधरीले जवळ बोलावलं. पंडुम कवा, इचारलं. बुधरीनं सांगतलं, सुतक फिटलं की चांद पाहून. म्हातारीनं मान हलवली. ते ताट तिनं स्वतःच्या पदरानं झाकलं. म्हनली, हे माह्या घरी जाईन, देवाच्या फळीवर राहीन. या बाईच्या देवाचं झालं की निताईनं फोन कराचा. मंग आमी खाऊ. तोवर कोनी हात लावनार नाई.

झालं असं की अख्ख्या लग्नात मोहगोळी कोनीच खाल्ली नाई. लच्छूले हे काई पचलं नाई. परत येताना वाटभर तो बडबडत होता. "एवढी मेहनत, अन् एकानंही म्हनलं नाई का चांगली हाय म्हून! ताट आलं अन् झाकून गेलं! मी लोकांले सांगू काय?"

"देवाच्या फळीवर बसली म्हून सांग," बुधरी म्हनली. नदीत पाय टाकला अन् ते गुनगुनत चालली. लच्छू मांगून पाहत राह्यला. बहिनीले गाता येते, हे त्याले तवाच कळलं.

जंगूचं सुतक फिटलं. चांद दिसला. पंडुम झाला. ढोल वाजले, देवाले नवा मोह देल्ला, मंग गावानं खाल्ला. बुधरीनं आपलीच गोळी तोंडात टाकली, डोळे मिटले, उघडले. काई बोलली नाई, पन दुसरी घेतली. लच्छूनं निताईले फोन केला, अन् फोन तसाच कानाले लावून अर्धा दिवस गावभर हिंडला, रेंज जिथी मिळते तिथी उभा राहून.

संध्याकाळच्या आत निताईचा फोन आला. लच्छूनं ऐकलं. "काय म्हनते?" सगळे इचारू लागले. लच्छूनं कधी नाई ते सावकाश सांगतलं. म्हातारीनं दोन खाल्ल्या. बाकीच्या नातवांनी पळवल्या, अन् पाहुना आलेल्या मामानं शेवटची मांगितली तं त्याले भेटली नाई. म्हातारी म्हनते, नातसुनेच्या पहिल्या सनाले दोन ताटं पायजे. अन् म्हनते, गूळ इथचा चालते, पन थंडीत आमी शिंदीच्या रसाचा गूळ काढतो, तो घालून पाहा. आमी पाठवतो.

अंगनात सगळे बुधरीच्या तोंडाकडं पाहाले लागले. येरगुड्यात सगळ्यांले माहीत हाय, बुधरीच्या गुळात बोलाचं नाई. लच्छूनं फोनवर हात ठेवला. "सांग ना, काय सांगू? हाव म्हनून देऊ का?"

बुधरीनं तोंडातली गोळी ह्या गालातून त्या गालात नेली. शिंदीच्या गुळाचा वास कसा येत असन, ते नाकानं शोधून राह्यल्यासारखी.

"पाठव म्हन," ते म्हनली. "पाहू."